राजा शोधत मुलुंड ते मढ

मुंबईहून आलेल्या माणसाला आमच्या हरणगडात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र बघितलास का?" बघितला. पण तो राजाला शोधता शोधता बघितला, होडीत उभ्या असलेल्या सासऱ्यांचा सदरा मागून घट्ट धरून. त्यामुळे लाटांचं वर्णन माझ्याकडून फारसं मिळणार नाही. राजाचं मिळेल.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी मंगल. हरणगडात स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझे सासरे, नाना, हे हरणगड संस्थानचे चोपदार. संस्थान म्हणजे घाटाखालची मूठभर गावं. नकाशाची घडी जिथे पडते तिथे शोधायचं. चोपदाराचं काम एवढंच, की राजाच्या पुढे चांदीने मढवलेला दंड घेऊन चालायचं आणि ललकारी द्यायची. त्या दंडाला आम्ही चोप म्हणतो. नानांपेक्षा हातभर उंच, आणि वर हरणाचं चांदीचं तोंड.

हे काम आमच्या घरात कसं आलं, ते नाना कोणालाही सांगतात, समोरचा ऐकत असो वा नसो. मूळ पुरुष गुराखी होता. घाटात धुकं उतरलेलं, राजाचा घोडा चुकून कड्याकडे निघालेला. गुराख्याने खालून अशी आरोळी ठोकली की घोडा जागच्या जागी थिजला. राजाने त्याला चोप दिला आणि टेकडीवर उभं करून म्हणाला, तुझा आवाज जाईल तिथवर जमीन तुझी. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. म्हणून आमच्या वतनाची जमीन पूर्वेला ऐसपैस आणि पश्चिमेला चार वाफे. एका पूर्वजाने गोऱ्या साहेबापुढे राजाची एक पदवी जास्तीची म्हटली, ती मग तशीच चालू राहिली. दुसऱ्याने ऐन लग्नात आवाज बसल्यावर सगळ्या पदव्या हातवाऱ्यांनी सांगितल्या म्हणे. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. राज्य विलीन झालं, तरी दसऱ्याला चोपदार काही चुकला नाही.

गेल्या दसऱ्याला मात्र नानांचा आवाज मधेच फाटला. "हरणगडचे धनी" मधला "नी" कोंबडीच्या ओरडण्यासारखा निघाला. आधी पोरं हसली, मग मोठीही हसली. राजे त्या वर्षी आलेच नव्हते, पालखीत त्यांची पगडी ठेवून मिरवणूक काढली होती. नाना घरी आले, चोप कोपऱ्यात उभा केला आणि जेवले नाहीत. दिवाळीसुद्धा त्यांनी फारसं न बोलता काढली. मग एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मंगल, चोप सरकारांना परत द्यायचा."

चोप असा कोणाच्याही हाती देता येत नाही. राजा बसलेला हवा, डोकं झाकलेलं हवं, त्याने तो स्वतःच्या हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "चोप पावला." मग घराणं मोकळं. असं आमच्याकडे कधी घडलं नव्हतं, पण घडायचं तर कसं, हे सगळ्यांना पाठ. माझ्या नवऱ्याला पंगतीत वाढप्याकडे भात मागायचीही लाज वाटते, तो काय ललकारी देणार! तेव्हा मुंबईला जायचं ठरलं. राजे फोनवर म्हणाले, "या ना नाना, कधीही या." मुंबईचं हे "कधीही" मला तेव्हा कळत नव्हतं. आमच्याकडे "या" म्हटलं की तांदूळ जास्त टाकतात.

घाटकोपर

बसच्या प्रवासाचं काही सांगत नाही. चोप आडवा ठेवायचा नसतो, त्यामुळे तो ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला उभा बांधला होता, एवढंच.

घाटकोपरला माझी मामेबहीण शैला राहते. मालवणी घरात लग्न होऊन गेली आणि नवऱ्याहून जास्त मालवणी झाली. सासरा गिरणीत होता, नवरा विमानतळावर नोकरीला, ती स्वतः ब्लाउज शिवते. तिच्या इमारतीची लिफ्ट बुटकी निघाली.

"तिरको धरा नाना," शैला म्हणाली.

"तिरका म्हणजे अर्धा आडवा," नाना म्हणाले.

"मगे अर्धो उभो पण झालो ना!"

हा युक्तिवाद नानांना पटला. चोप तिरका झाला आणि त्याच्या टोकाने धोक्याची घंटा दाबली गेली. आम्ही वर पोचेपर्यंत ती वाजत होती. दार उघडलं तर अख्खा मजला बाहेर येऊन उभा. संस्थान गेल्यापासून नानांचं एवढं स्वागत कुठे झालं नसेल. त्यांनी सगळ्यांना मान लववून मुजरा केला.

शैलाने चोप स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी उभा केला. शेजारच्या बायका बघायला आल्या. "कुठला देव गं?" म्हणून एकीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हरणाला जास्वंद वाहून गेली. जेवायला बांगड्याची आमटी आणि सोलकढी होती. नानांनी सोलकढी ताकासारखी एका दमात संपवली आणि पुन्हा वाटी पुढे केली. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा आग्रह करतात, तो तीनदा नको म्हणतो. शैलाकडे एकदाच विचारतात. नाना पहिल्या नकारातच फसले होते, तेव्हापासून सावध झाले.

त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते "तू"चं. लिफ्टमधला अनोळखी पोरगा मला म्हणाला, "तू कितव्या माळ्यावर?" भाजीवाली म्हणाली, "घे ना तू." नाना विचारात पडले. म्हणाले, "शैला, इथे सरकारांनापण तू म्हणत असतील काय गं?"

"राजाक?" शैला म्हणाली. "पयलो तेकाच म्हणतत."

मुलुंड

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षाने मुलुंडला निघालो. चोप आत उभा राहीना, म्हणून नाना कडेला बसून त्याला बाहेर उभा धरून होते. सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला म्हणाला, "काका, झेंड्याचं फडकं उडालं वाटतं. कुठली पार्टी?" नाना गंभीरपणे म्हणाले, "हरणगड." तो म्हणाला, "झकास," आणि गेला.

राजे राहतात ती इमारत इतकी उंच, की वर बघताना नानांचा फेटा मागे पडला. गेटवरच्या वॉचमनने चोपाकडे बघून विचारलं, "किसके यहाँ जाना है? कौन आया है बोलूँ?"

"सांग, चोपदार आलेत."

"चौकीदार?"

"चोपदार."

"चौकीदार तो मैं हूँ," वॉचमन दुखावल्या आवाजात म्हणाला. त्याला वाटलं, सोसायटीने परस्पर दुसरा माणूस ठेवला. शैलाने मध्ये पडून समजूत घातली. मग त्याने फोन लावला, "मॅडम, विकी सर के गाँव से कोई आया है."

"विकी कोण?" नानांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "बहुतेक सरकारच."

राणीसाहेबांनी स्वतः दार उघडलं. दसऱ्याला त्यांना आम्ही नऊवारीत, नथीत बघतो. इथे त्या पळायच्या बुटांत होत्या, कपाळावर घाम. त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला. नाना असे गडबडले, की चोपही त्यांच्याबरोबर वाकला आणि छताच्या पंख्याला हरणाचं शिंग लागलं. कोणी कोणाला बसा म्हणायचं हा घोटाळा झाला. नाना खुर्चीवर बसेनात, जमिनीवर बसले. मग राणीसाहेबही जमिनीवर बसल्या, शैला आणि मीही. रिकाम्या सोफ्याकडे तोंड करून आम्ही चौघांनी उपमा खाल्ला.

"विकी आरेला शूटिंगला गेलाय," राणीसाहेब म्हणाल्या. "तुम्ही येणार, मी सांगितलं होतं त्याला." पुढे काही बोलणार होत्या, पण थांबल्या. नानांचा उपम्यातला काजू "विकी"पाशीच अडकला होता, त्यामुळे त्यांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

राजांचं काम काय ते तिथे कळलं. ऐतिहासिक मालिकांमध्ये दरबार कसा भरवायचा, मुजरा किती वाकून करायचा, पगडी कोणत्या कानावर झुकवायची, हे ते नटांना शिकवतात.

"म्हणजे सरकार दरबाराची शिकवणी घेतात," नाना म्हणाले. त्यांना ते आवडलं.

आरे

आरेबद्दल गावात कोणी काही सांगत नाही, म्हणून मी सांगते. मुंबईच्या पोटात जंगल आहे. सरकारी दुधाची वसाहत, तबेल्यांमागून तबेले, मधेच जुने पाडे, आणि झाडांच्या बोगद्यातून जाणारी बस. खिडकीतून शेणाचा वास आत आला आणि नाना जागेवर ताठ बसले. "मंगल, हे आपलंच गाव की! नुसत्या बसगाड्या जास्त." तिथल्या एका टपरीवर आम्ही चहा घेतला. मुंबईतला चहा म्हणजे आमच्याकडे ज्याला चव बघणं म्हणतात तेवढा. पण दूध खरं होतं.

शूटिंग झाडीतल्या एका मोकळ्या जागेत होतं. तंबू, मशाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून मोबाइल बघणारे मावळे. राजे कुठे आहेत हे विचारायला शैला आणि मी पुढे गेलो. तेवढ्यात टोपी घातलेली एक मुलगी धावत आली, नानांचा फेटा आणि चोप बघून ओरडली, "दादा, तुम्ही इथे काय करताय? तुमची लाइन लागली ना!" आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेली. आम्ही वळून बघतो तो नाना भालेकऱ्यांच्या रांगेत उभे. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शेला टाकला होता. नाना आमच्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होते, हे काय? पण रांगेत उभं राहिल्यावर चोपदार बोलत नसतो.

मग शांतता झाली आणि तंबूचा पडदा बाजूला सारून राजाच्या वेषातला नट बाहेर आला. डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्यांच्या माळा. तो सिंहासनाकडे चालायला लागला. ललकारी नाही, काही नाही, चोरासारखा. मला नानांची मान ताठ होताना दिसली. मी मनात म्हटलं, वाट लागली.

"आस्तेऽऽ कदम! नजर जमिनीवर! हरणगडचे ध—"

आणि आवाज पुन्हा फाटला. अगदी तिथेच. "नी" वर चढला, लटकला आणि कोसळला. सगळं युनिट पुतळ्यासारखं. नानांचा चेहरा गेल्या दसऱ्याला पडला होता तसा पांढरा पडायला लागला. आणि तेवढ्यात पलीकडच्या तबेल्यातून एका म्हशीने उत्तर दिलं. त्याच सुरात, त्याच जागी फाटलेलं, पण खूप लांब.

आधी मुकुटवाला नट हसला. तो हसता हसता सिंहासनावर नीट बसूही शकेना. मग भालेकरी हसले, दिव्यांवरची माणसं हसली, टोपीवाली मुलगी खाली बसली. मी नानांकडे बघायला घाबरत होते. बघितलं, तर नानांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते! चोपाला टेकून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होते. म्हैस पुन्हा ओरडली. नाना कसेबसे म्हणाले, "पोरीनं पूर्ण केलं बघ माझं." दसऱ्यापासून बेचव भाताचा घास ढकलल्यासारखे दिवस काढणारा माणूस, त्या झाडाखाली अनोळखी लोकांत हसून हसून बेजार झाला. मला इतका आनंद झाला, की मी शैलाच्या पाठीत धपाटा घातला.

आणि त्याच वेळी मला राजे दिसले. तंबूमागून बाहेर आले होते, कानाला फोन, पोट थोडं सुटलेलं, कपाळ मागे सरकलेलं. ललकारी ऐकून त्यांची पाठ आपोआप ताठ झाली होती, सदऱ्याचं वरचं बटण लावायला हात गेला होता. मग त्यांची नजर गर्दीच्या वर चमकणाऱ्या हरणावर पडली. चेहरा उतरला. ते दोन गाड्यांमधून वाकून, चक्क वाकून, पलीकडे गेले आणि एक मोटार धूळ उडवत निघून गेली.

"गो बाय माझे," शैला म्हणाली. "राजा पळता!"

नानांना आम्ही बसमध्ये बसेपर्यंत सांगितलं नाही. सांगितल्यावर ते खिडकीकडे वळले. हातात युनिटने दिलेला जेवणाचा डबा होता. "मला ओळखलं नसेल," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, ओळखलंच."

शैलाने मात्र त्या टोपीवालीशी गप्पा मारून माहिती काढली होती. उद्या मढला, समुद्राकाठच्या बंगल्यात काम होतं.

मढ

मेट्रोच्या दारात आम्हाला अडवलं. तिथल्या बाईने चोप तळापासून टोकापर्यंत बघितला आणि म्हणाली, "काठी नाही न्यायची."

"ही काठी नाही," नाना म्हणाले, "चोप आहे."

"चोप पण नाही न्यायचा."

इतक्या सरळ माणसाशी वाद घालता येत नाही. आम्ही रिक्षाने अंधेरी ओलांडून वर्सोव्याला गेलो, आणि तिथल्या धक्क्यावरून मढला जाणाऱ्या होडीत चढलो. होडीत माणसं, टोपल्या आणि मोटारसायकली एकत्र. नाना उभेच. चोपदार चोप घेऊन बसत नाही. म्हणून मी त्यांचा सदरा धरला. तेवढ्यात मला समुद्र दिसला. मोठा आहे.

शेजारी कोळ्यांची हिरूबाय बसली होती, मढची, मासे विकून रिकामी टोपली घेऊन परत निघालेली. तिने चोपाला बोट लावून बघितलं. "कय गो, कुनचा मान हा?"

नानांनी तिला गुराखी, धुकं, घोडा, पश्चिमेचा वारा, सगळं सांगितलं. होडी पलीकडे लागायला आली तरी पूर्वेची जमीन संपत नव्हती.

"आमचे घरान नारळाचा मान हाय," हिरूबाय म्हणाली. "दर्याला पयला नारळ आमचा. भाऊस माझा हाफिसात जातो, बोटीवर पाय नाय ठेवत. पन मान सोडंल तं शपथ! मानाला काय, त्याला खायाला घालाया लागत नाय."

"लागतं बाई," नाना म्हणाले. "माझा आवाज खाल्ला त्याने."

उतरताना हिरूबायने नानांचा हात धरून त्यांना धक्क्यावर घेतलं आणि बंगल्याची वाट दाखवली. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते, मध्येच एक क्रूस, मध्येच अंगणात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी. बंगल्याचा पुढचा भाग पुठ्ठ्याच्या कमानी लावून राजवाडा केला होता. मागचा भाग बंगलाच, दोरीवर टॉवेल.

राजे पुठ्ठ्याच्या कमानीखाली पायरीवर बसून उकडलेलं अंडं खात होते. आम्हाला बघितलं, उठले, मागे वळले. मागे समुद्र. मग ते नटांच्या कपडे बदलायच्या मोठ्या गाडीत शिरले आणि दार लावलं.

मी दार वाजवलं.

"मीटिंग चालू आहे," आतून आवाज आला.

"एकट्याचीच?" शैला म्हणाली.

नाना पुढे झाले. दारापासून दोन पावलांवर, भर उन्हात, चोप टेकून उभे राहिले. "सरकार, घाई नाही. तुमचं होऊ दे. मी उभा आहे."

आत काही हललं नाही. वाळूवरून गरम वारा येत होता. नानांच्या कानामागून घामाची धार निघाली. मी छत्री धरायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. नाना ओरडले असते, रागावले असते, तर राजे संध्याकाळपर्यंत आत बसले असते, असं मला वाटतं. पण त्या खिडकीतून त्यांना उन्हात उभा राहिलेला तो म्हातारा दिसत असणार. शेवटी दार उघडलं.

"नाना, प्लीज सावलीत या."

"तुम्ही बाहेर आलात की येतो."

राजे बाहेर आले. डोळे लाल होते. आम्ही सगळे बंगल्यामागच्या माडाखाली गेलो. राजे बोटांतलं अंड्याचं टरफल चुरत एकदम म्हणाले, "मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात. म्हणूनच पळत होतो. लहान होतो तेव्हा हत्ती गेला. मग अब्दागिरी धरणारे पुण्याला गेले, नगारा वाजवणारे सुरतेला. दर वर्षी कोणी ना कोणी येऊन हात जोडून जायचं. शेवटी तुम्हीच राहिलात. तुम्ही हाक मारता तोवर मी आहे, नाना. तुम्ही गेलात तर मी कोण?"

नाना इतक्या सहज बोलले, की मी बघतच राहिले. "विकी," ते म्हणाले. "मुलुंडचा तो वॉचमन म्हणाला ना, विकी सर. किती मायेनं म्हणाला. चांगलं नाव आहे सरकार. हाक मारायला सोपं. तुमच्या पदव्या म्हणता म्हणता माझा दम संपला."

राजे आधी दचकले, मग त्यांना हसू आलं, मग दोन्ही एकदम यायला लागलं. त्यांनी बाहीने नाक पुसलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "मंगलताई, तुम्ही का नाही घेत? बाईमाणसाने घेऊ नये असं काही नाही. मी आत्ता हुकूम काढतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं. चांदीचं ते हरीण माझ्या हातात, सगळं गाव खाली मान घालून. पण मग राणीसाहेबांकडचा उपमा आठवला, होडी आठवली. "नको सरकार," मी म्हटलं. "मला बसायला आवडतं."

मग तिथेच करायचं ठरलं. सेटवरचं सिंहासन आणायला माणूस धावला, पण नाना म्हणाले, "खोट्या गादीवर नको." म्हणून प्लास्टिकची खुर्ची घेतली, कारण ती निदान खरी प्लास्टिकची होती. पगड्याही सगळ्या भाड्याच्या. राजांच्या डोक्यावर मी आमच्या भाकऱ्या बांधून आणलेलं पांढरं फडकं झटकून घातलं. शैलाने त्याला शिवणाऱ्या हाताने एक पक्की गाठ मारली. शूटिंगची माणसं हळूहळू भोवती जमली, कोणी हाक न मारता.

नानांनी फेटा नीट केला. पुढे गेले, एक गुडघा वाळूत टेकला आणि चोप दोन्ही हातांनी उभाच राजांसमोर धरला. राजांनी हात पुढे केला. बोटं चांदीवर टेकली, आणि नजर धक्क्याच्या वाटेकडे गेली. माडाच्या झावळ्या वाजत होत्या. मला वाटलं, हे आता पुन्हा पळतात.

"चोप पावला," राजे म्हणाले.

नानांनी हात काढून घेतले. उठून उभे राहिले. पण उजवा हात तसाच खांद्याशी, मूठ वळलेली, जणू चोप अजून आत आहे. त्यांनी त्या मुठीकडे बघितलं आणि तिला दुसऱ्या हाताने हळूहळू उघडलं.

"बसा नाना," राजे म्हणाले. आणि खुर्चीवरून उठून खुर्ची त्यांच्याकडे ढकलली.

नाना बसले. राजासमोर आयुष्यात पहिल्यांदा. खुर्चीचा एक पाय वाळूत रुतला आणि ते थोडे कलंडले. पण बसले. मग आम्ही सगळ्यांनी तिथेच तळलेले बोंबील खाल्ले आणि राजांनी नानांच्या पानात स्वतःच्या हाताने वाढले, तीनदा आग्रह करून. नाना एकदाही नको म्हणाले नाहीत.

खरी गंमत निघताना झाली. आम्ही धक्क्याकडे चालायला लागलो तसे राजे चोप उचलून आमच्या पुढे आले. डोक्याला भाकरीचं फडकं तसंच. दोन पावलं चालले, घसा खाकरला, आणि त्या बोंबलांच्या गल्लीत ओरडले, "आस्ते कदम! नजर जमिनीवर! हरणगडचे नाना चोपदार येत आहेत हो!"

"हो लांबवा सरकार," नाना मागून म्हणाले. "गळ्यातून नाही, पोटातून."

"येत आहेत होऽऽऽ!"

"आता बरं. चालताना दंड टेकायचा, शब्द सोडायचा. पुन्हा टेकायचा."

कुत्री भुंकत बाजूने पळायला लागली. जाळी विणणारी माणसं उठून उभी राहिली. खुर्चीतल्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. हिरूबाय दारातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यो कोन रं मोठा?" आणि राजांनी तिला अख्खी ललकारी पुन्हा ऐकवली, नानांच्या आईवडिलांच्या नावांसकट. आनंदाने माझे पाय जमिनीवर नव्हते. शैला इतकी हसत होती, की तिची चप्पल वाळूत राहिली आणि ती घाटकोपरपर्यंत एका चपलेवर आली.

परत

निघायच्या सकाळी नाना शैलाच्या इमारतीखालच्या सलूनमध्ये गेले. जरा केस कापून येतो म्हणाले. चोपदाराला कल्ल्यांपर्यंत वळलेल्या गलमिशा ठेवाव्याच लागतात, हे त्या सलूनवाल्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. नाना परत आले ते गुळगुळीत. दारात उभे राहून लाजत होते. शैलाने चक्क शिट्टी वाजवली.

संध्याकाळी हरणगडला पोचलो. दार माईंनी, माझ्या सासूबाईंनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे बघितलं, आणि पदर सावरला, परक्या पुरुषासमोर सावरतात तसा. "मंगल, हे कोण पाहुणे? आणि नाना कुठे राहिले?"

नानांना हसू आवरेना. ते जोरात हसले. माई दचकल्या. हसणं ओळखीचं होतं, चेहरा नव्हता. त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि लग्नाला उभा जन्म झालेल्या आपल्या नवऱ्याकडे अगदी जवळून बघितलं. मग कधी नव्हे ते, माझ्यादेखत, त्यांच्या गालाला बोट लावलं.

"अगं बाई!" माई म्हणाल्या. "तुम्हाला खळी पडते की हो!"